मालकाचा गुडघा आणि भाडेकरूचा गुडघा

२९ जानेवारी २०२१ रोजी इंदूर महानगरपालिकेच्या नोकरांनी रस्त्याच्या कडेला आसरा घेतलेल्या काही निराधार वृद्धांना पालिकेच्या गाडीत घातले आणि देवासच्या वाटेवर क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरविले. दिवस थंडीचे होते. उतरविलेल्यांपैकी काहींच्या अंगी धड उभे राहण्याचेही त्राण नव्हते. गावकऱ्यांनी हटकले, कोणी चित्रफीत काढली, तेव्हा त्यांना पुन्हा त्याच गाडीत चढवून परत नेण्यात आले. पुढे मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने एक उपायुक्त निलंबित झाला, खालच्या नोकरांनाही कामावरून काढण्यात आले, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी खजराना गणपतीच्या देवळात जाऊन देवाची क्षमा मागितली. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून लागोपाठ चार वेळा पहिल्या आलेल्या या नगरीची मान त्या दिवशी खाली गेली.

त्या प्रसंगी ज्यांनी ज्यांनी निषेध केला त्या सर्वांचा निषेध रास्त होता. परंतु निषेध करणाऱ्यांत जे घरमालक होते, सोसायट्यांचे पदाधिकारी होते, धर्मादाय ट्रस्टांचे विश्वस्त होते, त्यांना आमचा एक प्रश्न आहे. रस्त्यावर आलेला म्हातारा काही रस्त्यावर जन्मलेला नसतो. केव्हा तरी त्याच्या डोक्यावर छप्पर होते, बहुधा भाड्याचे होते. ते गेले, दुसरे शोधू लागला, आणि दार वाजवील तेथे त्याच्या चेहऱ्याकडे, मग त्याच्या काठीकडे पाहून कोणी तरी अदबीने म्हणाले, "जागा परवाच ठरली हो." महापालिकेची गाडी एकदाच निघाली व तिची चित्रफीत निघाली. हे अदबीचे वाक्य रोज उच्चारले जाते आणि त्याची चित्रफीत कोणी काढीत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याला चालताना, चढताना, उठता-बसताना त्रास होतो अशा वृद्ध भाडेकरूला केवळ त्या त्रासापायी घर नाकारणे, अथवा घरात असलेल्याला एक आधाराचा दांडा बसवू न देणे, हा अन्याय आहे. तो आपल्या कायद्याने अद्याप अन्याय म्हणून ओळखलेला नाही. आणि कायदा ओळखीपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण आपल्या समाजाला, निदान आपल्या संस्थांना, मुळीच नाही.

इंदूरची परिस्थिती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रश्न वाढत का आहे हे सांगावे लागणार नाही. होळकरशाहीत दप्तरे सांभाळणाऱ्या मराठी कुटुंबांनी राजवाड्याच्या आसपास, जुन्या इंदुरात, रामबागेत संसार थाटले. पुढे लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर या वसाहती उठल्या. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात हजारो कामगार कुटुंबे भाड्याच्या दीड खोलीत राहिली. मग एकामागून एक गिरण्या मिटल्या. हुकुमचंद गिरणी १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्याचा समारंभ झाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या तीस वर्षांत तरुण कामगार म्हातारे झाले आणि म्हातारे निवर्तले. स्वतःचे घर बांधण्याचे ज्यांचे वय याच प्रतीक्षेत सरले, ते सत्तरीतही भाडेकरूच राहिले, तर त्यात त्यांचा दोष काय?

आता दुसरी बाजू पाहा. त्याच शहरात भंवरकुआच्या परिसरात शिकवणी वर्गांसाठी आलेल्या विद्यार्थ्यांना खाटेमागे भाडे आकारता येते. जुने वाडे पाडून तेथे 'मल्टी' उभ्या राहतात. 'किराये से देना है' ही पाटी पाहून वृद्ध जोडपे चौकशीला जाते, तेव्हा तळमजला दुकानाला दिलेला असतो, पहिला विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्या वाट्याला तिसरा येतो, जेथे लिफ्ट नसते. तो त्यांनी घेतला नाही म्हणजे मालक म्हणायला मोकळा की आम्ही कोठे नाही म्हटले? हा नकाराचा सर्वांत सभ्य प्रकार होय.

आमच्या व्यवसायात आलेले एकच प्रकरण येथे सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. एका गिरणी कामगाराची विधवा, वय बहात्तर, जुन्या वाड्यात तळमजल्यावरील खोली व स्वयंपाकघर यांत तीस वर्षांहून अधिक काळ राहत होती. भाडे कधी चुकलेले नव्हते. पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. घरी आणताना मुलाने संडासाच्या भिंतीला एक लोखंडी दांडा व दाराबाहेरच्या दोन पायऱ्यांना एक कठडा बसविला. आठवडाभरात घरमालकाची नोटीस आली की, विनापरवाना बांधकाम करून जागेच्या स्वरूपात भरीव बदल केला आहे, सबब जागा खाली करावी. आम्ही समजुतीने मिटते का पाहावे म्हणून मालकांच्या घरी गेलो. गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, सज्जन, स्वतः काठी टेकून चालणारे.

ते म्हणाले, "वकीलसाहेब, आज दांडा लावला, उद्या भिंत पाडतील. अशाने वाडा आमचा राहील का?"

आम्ही म्हटले, "काकासाहेब, आपण वर राहता. आपल्या जिन्याला कठडा आहे ना?"

"आहे की. पण तो आमच्या घरचा आहे."

या उत्तरात सगळा प्रश्न सामावला आहे. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेच नाही, कारण बाईंनीच हाय खाल्ली. "या वयात कोर्टाची पायरी नको रे बाबा," असे म्हणून त्या मुलाच्या भाड्याच्या जागेत गेल्या. ती तिसऱ्या मजल्यावर आहे. रुग्णालयात नेण्यापुरते सोडले तर त्या नंतर खाली उतरल्या नाहीत. शेजारणी, देऊळ, तुळशीचे वृंदावन, संध्याकाळचा ओटा, हे तीस वर्षांचे जग एका दांड्यापायी सुटले. त्या दांड्याची किंमत नोटिशीच्या खर्चाहून कमी होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण घरमालकांचा सारा भरवसा कायद्यावर असतो आणि भाडेकरूची सारी भीतीही कायद्याचीच असते.

मध्य प्रदेशात घरभाड्याचा कायदा आहे तो १९६१ चा 'स्थान नियंत्रण अधिनियम'. त्याच्या कलम १२ मध्ये भाडेकरूस काढण्याची कारणे दिली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे मालकाला स्वतःच्या वा कुटुंबाच्या राहण्यासाठी जागेची खरीखुरी गरज असणे. म्हाताऱ्या मालकाला जिना चढवत नाही, सबब तळमजला हवा, ही गरज आपली न्यायालये खरी मानीत आली आहेत, आणि ती मानणे योग्यच आहे. एवढ्यावर विधिमंडळ थांबले नाही. १९८३ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात एक नवे प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार निवृत्त सरकारी नोकर, विधवा, घटस्फोटिता, शरीराने अपंग अशा मालकांना दिवाणी न्यायालयाच्या लांबलचक वाटेने जाण्याचे कारण उरले नाही. त्यांनी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि भाडेकरूने आधी बचाव करण्याची परवानगी मागावी, अशी ही झटपट व्यवस्था आहे. याचा अर्थ असा की अपंगत्व म्हणजे काय, वार्धक्य म्हणजे काय, वैधव्य म्हणजे काय, हे आपल्या कायद्याला चांगले कळते. मात्र ते मालकाचे असेल तेव्हाच कळते.

समजा, मालक सुदृढ आहे आणि भाडेकरू पांगळा आहे. मालकाने आपली गरज सिद्ध केली, तर भाडेकरूचे हाल अधिक होतील की मालकाचे, याची तुलना करण्यास मध्य प्रदेशाचा कायदा न्यायाधीशास सांगत नाही. या बाबतीत मुंबईचा कायदा अधिक समंजस होता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात, आणि आता १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये, मालकाची गरज हे कारण असल्यास न्यायालयाने दोन्ही पक्षांच्या अडचणी तोलून पाहाव्यात, आणि हुकूमनामा दिल्याने जास्त त्रास होणार असेल तर तो देऊ नये, अशी तरतूद आहे. भाडेकरूचा गुडघा न्यायाच्या तराजूत टाकण्यापुरती तरी जागा तेथे आहे. इंदूरच्या न्यायालयात तराजू तोच आहे, पण त्याला एकच पारडे आहे.

नोटिशीत ज्या 'भरीव बदला'चा उल्लेख होता तो याच कलम १२ मधला. परंतु मूळ शब्द नीट वाचले पाहिजेत. मालकाच्या लेखी परवानगीवाचून केलेले बांधकाम जागेत महत्त्वाचा फेरफार करणारे असावे, आणि त्याने मालकाच्या हितास बाध यावा वा जागेचे मोल बरेच घटावे, तरच ते कारण लागू होते. भिंतीला चार भोके पाडून बसविलेल्या दांड्याने कोणत्या वाड्याचे मोल घटले? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ तर उलट सांगते. करारात वेगळे ठरले नसेल, तर भाडेकरूने जागेला जोडलेल्या वस्तू त्याने जाताना काढून न्याव्यात आणि जागा होती तशी करून द्यावी. कायमचे बांधकाम करण्यास मात्र तेच कलम मालकाच्या संमतीवाचून मनाई करते. कायमचे आणि काढता येण्याजोगे हा भेद आपल्या कायद्याला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तो आपल्या घरमालकांना ठाऊक करून देणे एवढेच काम उरले आहे.

कोणी म्हणेल, आता नवे कायदे झाले आहेत, त्यांत हे सारे येऊन गेले असेल. येऊन गेलेले नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी संमत करून राज्यांपुढे ठेवलेला आदर्श भाडेकरार कायदा लेखी करार सक्तीचा करतो, राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करतो, दुरुस्त्यांची वाटणी करून देतो. पण लेखी संमतीवाचून रचनेत बदल करू नये हे सांगताना, पांगळ्या भाडेकरूने मागितलेली किरकोळ सोय मालकाने विनाकारण नाकारू नये, हे वाक्य घालण्याचे कोणास सुचले नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांना पोटगी देण्यास भाग पाडतो आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निर्धन वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा असे म्हणतो. त्या कायद्याच्या दृष्टीने म्हाताऱ्या माणसाला जगात दोनच जागा आहेत, मुलाचे घर किंवा वृद्धाश्रम. आपल्या निवृत्तिवेतनावर, आपल्या भाड्याच्या खोलीत, कोणाच्या उपकाराखाली न राहता जगणारा वृद्ध त्याच्या कल्पनेत आलेलाच नाही.

राहता राहिला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. हा कायदा उदार आहे. अपंगत्वापायी भेदभाव करू नये, वाजवी सोय करून द्यावी, सार्वजनिक इमारती सुगम कराव्यात, हे सारे त्यात आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सुगमतेचे किमान नियम सक्तीचे असलेच पाहिजेत असा निर्णय दिला. परंतु एकट्यादुकट्या घरमालकावर या कायद्याचा थेट अंकुश बसल्याचे व्यवहारात दिसत नाही. मात्र 'खाजगी आस्थापना' या संज्ञेची त्याने केलेली व्याख्या आमच्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी. कंपनी, भागीदारी, सहकारी वा अन्य संस्था, मंडळ, आणि ट्रस्ट, हे सारे त्या व्याख्येत आहेत. तेव्हा आमच्या वाड्यातील काकासाहेब सुटतील, पण भाड्याने खोल्या देणाऱ्या देवस्थानाचे वा ज्ञातिसंस्थेचे विश्वस्त सुटतील असे त्यांनी गृहीत धरू नये.

आता घरमालकांचे आक्षेप घेऊ. ते सगळेच खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही.

पहिला आक्षेप, म्हातारे माणूस घरात पडले किंवा गेले तर जबाबदारी कोणाची? ज्याने आधाराचा दांडा लावू दिला त्याची खासच नव्हे. पडण्याची भीती वाटत असेल तर दांडा लावण्यास आपणच सांगावे, हे साध्या व्यवहाराचे बोलणे झाले. मृत्यूविषयी म्हणाल, तर इंदुरातील असा कोणता जुना वाडा आहे की ज्याच्या माजघरात चार पिढ्यांनी अखेरचा श्वास घेतलेला नाही? आपल्या वडिलांच्या मृत्यूने जी वास्तू विटाळत नाही ती परक्याच्या मृत्यूने कशी विटाळेल?

दुसरा आक्षेप, हे लोक जागा सोडणार नाहीत. जुन्या भाडेकरूंनी नाममात्र भाड्यात पिढ्यान् पिढ्या जागा अडवून ठेवल्या, हे दुःख खरे आहे. ज्या विधवेचा निर्वाह दोन खोल्यांच्या भाड्यावर चालतो तिच्या बाबतीत तर फारच खरे आहे. परंतु त्यावरचा उपाय वाजवी भाडे व चोख करार हा आहे. वयापायी भाडेकरूला एकही जादा हक्क मिळत नाही हे आपण वर पाहिलेच. मग सोडणार नाही ही भीती पंचविशीतल्या भाडेकरूविषयी का वाटत नाही? वस्तुतः वृद्ध भाडेकरू घर वारंवार बदलीत नाही, रात्री-अपरात्री गोंगाट करीत नाही, आणि निवृत्तिवेतन जमा झाले की आधी भाडे काढून ठेवतो. व्यवहारी मालकाला यापरते काय हवे?

तिसरा आक्षेप, घराची खराबी होते. येथे परदेशांतील तोडगा पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत १९८८ पासून असा कायदा आहे की अपंग भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने वाजवी फेरफार करू म्हटले तर मालकाने ते नाकारता कामा नये. मात्र घराच्या आतील फेरफार, योग्य असेल तेथे, जाताना पूर्ववत करून देण्याची अट त्याला घालता येते. इंग्लंडच्या २०१० च्या समता कायद्यातही अशा सुधारणांना विनाकारण संमती रोखण्यास आळा घातलेला आहे. मालकाचा पैसा जात नाही, भिंत जात नाही, जाते ती फक्त 'माझ्या घरात मी म्हणेन ते' ही मिजास. ती गेली तर कोणाचे नुकसान नाही.

याबरोबर हेही सांगितले पाहिजे की मागणी वाजवी असावी. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करायची तर एक इंच उंचीला बारा इंच लांबी असा आज मान्य असलेला हिशेब आहे. दीड फूट उंच जोत्याला अठरा फूट उतरण लागेल, आणि ती जुन्या गल्लीत मावणार नाही. अशा ठिकाणी हट्ट धरणे चूक होय. परंतु संडासात दांडा, पायऱ्यांना कठडा, उंबरठ्यावर फळी, भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची, जिन्यात चांगला दिवा, रात्री सोबतीला राहणाऱ्या बाईस मज्जाव नसणे, आणि तळमजला रिकामा झाला तर वर राहणाऱ्या म्हाताऱ्या भाडेकरूस आधी विचारणे, या सोयींना जागाही लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे. "यांची मुले काय करतात?" मुले पुण्याला आहेत, बंगळूरला आहेत, सातासमुद्रांपलीकडे आहेत. म्हणजे जेथे आपली आहेत तेथेच आहेत. २०११ च्या जनगणनेत या देशात साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्या सगळ्यांना मुलांच्या घरी धाडता येईल असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. शिवाय हा प्रश्न विचारणाऱ्याने आणखी एक विचार करावा. त्याचे स्वतःचे आईवडील उद्या त्याच्या शहरात, त्याच्या जवळ राहावे म्हणून भाड्याची जागा शोधू लागतील, तेव्हा समोरचा घरमालक त्याच्याविषयी हेच विचारील.

आता चार शब्द आपल्या संस्थांविषयी. गोवा, कारवार, मुंबईपासून इंदूरपर्यंत पसरलेल्या आपल्या देवस्थान-समाजाला आश्रय म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नसावी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील कुशस्थळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा अंत्रुज महालात आणावी लागली. ज्यांची कुलदैवतेच एकदा घर सोडून परमुलखात आसऱ्याला गेली, त्यांनी दाराशी आलेल्या अशक्त माणसाला 'जागा ठरली' असे सांगावे, हे त्या दैवतांना आवडेल काय? गोव्याच्या देवळांभोवती अग्रशाळा बांधल्या गेल्या त्या दूरवरून येणाऱ्या कुळाव्यांना विसावा मिळावा म्हणूनच ना? आणि अलीकडचा दाखला हवा असेल तर मुंबईचा आहे. नोकरीसाठी आलेल्या सारस्वत कुटुंबांची जागेवाचून होणारी कुचंबणा पाहून श्रीपाद सुब्बराव तलमकी आदींनी १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. सहकारी तत्त्वावरील घरबांधणीच्या इतिहासात तिचे नाव आजही पहिल्या ओळीत आहे. त्या वेळी समाजापुढचा प्रश्न तरुण कारकुनाला जागा मिळावी हा होता. तो कायद्याची वाट न पाहता सोडविला गेला. आजचा प्रश्न त्याच कारकुनाच्या वृद्ध नातवाचा आहे.

आज आमचे विश्वस्त काय करतात? देवळाच्या दारात एक चाकाची खुर्ची ठेवतात, तिच्यावर देणगीदाराचे नाव रंगवितात, आणि तिचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापतात. चांगली गोष्ट आहे. परंतु त्याच ट्रस्टच्या मागच्या चाळीत वीस वर्षे राहणाऱ्या आजीबाईंनी न्हाणीत दांडा मागितला, तर 'पुढल्या सभेत विषय घेऊ' असे उत्तर मिळते, आणि पुढली सभा मंगल कार्यालयाच्या रंगसफेदीत संपते. वर्षातून चार वेळा देवदर्शनाला येणाऱ्याचे पाय जपायचे, आणि रोज त्याच आवारात राहणाऱ्याचे पाय मोडू द्यायचे, याला धर्मादाय म्हणता येणार नाही.

म्हणून आमची मागणी तीन कलमी आहे. पहिली, ज्या देवस्थानांच्या, ज्ञातिसंस्थांच्या वा सहकारी संस्थांच्या जागा भाड्याने जातात त्यांनी येत्या वार्षिक सभेत ठराव करावा की वय वा हालचालीतील अडचण या कारणाने कोणालाही जागा नाकारली जाणार नाही, आणि तळमजल्याच्या रिकाम्या खोलीवर अशा भाडेकरूचा हक्क पहिला राहील. दुसरी, त्यांनी व आमच्या घरमालक वाचकांनी भाडेपत्रात पुढील आशयाचे एक कलम घालावे: 'भाडेकरूस अथवा त्याच्या कुटुंबातील व्यक्तीस वार्धक्य वा अपंगत्व यामुळे आवश्यक असलेले दांडे, कठडे, फळ्या इत्यादी काढता येण्याजोगी साधने स्वखर्चाने बसविता येतील, मालक त्यास वाजवी कारणावाचून हरकत घेणार नाही, जागा सोडतेवेळी भाडेकरू ती काढून भिंती पूर्ववत करून देईल, आणि अशी साधने बसविणे हे जागा खाली करविण्याचे कारण मानले जाणार नाही.' हे कलम मालकाचेही रक्षण करते, कारण भिंती पूर्ववत करून देण्याची हमी त्यात लेखी मिळते. तिसरी, मध्य प्रदेशच्या विधिमंडळाकडे मागणी करावी की १९८३ साली जी करुणा वृद्ध, विधवा व अपंग मालकाला दाखविली, तीच त्याच प्रकारच्या भाडेकरूलाही दाखवावी, आणि महाराष्ट्राप्रमाणे दोघांचा त्रास तोलून पाहण्याचे बंधन न्यायालयावर घालावे.

पहिल्या दोन गोष्टींना कोणाच्या परवानगीची गरज नाही. एका सभेची, एका कागदाची आणि थोड्या शरमेची गरज आहे. जिल्हाधिकाऱ्यांना गणपतीपुढे क्षमा मागावी लागली, कारण त्यांच्या नोकरांचे कृत्य उघड्यावर घडले होते. आपले कृत्य बंद दाराआड घडते, म्हणून क्षमा मागण्याचा प्रसंग येत नाही इतकेच. वार्षिक सभेची सूचना आता लवकरच वाचकांच्या घरी येईल. तिच्यात हा विषय नसेल, तर तो लेखी कळवून घालून घेण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाने वापरावा.